एक मोटारसायकल, दोन वाटा

४ जानेवारी १९५२. दक्षिण गोलार्धातील ऐन उन्हाळा. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समधून एक जुनी नॉर्टन मोटारसायकल बाहेर पडली. ५०० सीसीचे इंजिन, १९३९ सालची बनावट आणि मागच्या बाजूला तंबू, पथाऱ्या, कपडे, भांडी व हत्यारे यांचा असा डोंगर की, पुढचे चाक जमिनीला टेकवून ठेवणे हीच चालकाची मुख्य कसरत होती. त्या ओझ्यासह दोन तरुण आणि एक कुत्र्याचे पिल्लू. मोटारसायकलीचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलशालिनी. एवढे बळ तिच्या अंगी नव्हते, हे पहिल्या काही दिवसांतच सिद्ध होणार होते.

दोघांपैकी थोरला अल्बर्टो ग्रॅनाडो. वय २९, शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ, कुष्ठरोगाचा अभ्यासक आणि मोटारसायकलीचा मालक. धाकटा २३ वर्षांचा, वैद्यकीय शिक्षण अपुरे टाकून निघालेला अर्नेस्टो गव्हेरा. पुढे जगाने त्याला ‘चे’ या एकाक्षरी टोपणनावाने ओळखले. त्याच्या आयुष्यावर लिहिताना बहुतेक जण क्युबाच्या डोंगरांपासून सुरुवात करतात. परंतु त्या डोंगरांकडे जाणारी वाट या खडखडणाऱ्या वाहनापासून फुटते आणि ती समजून घ्यायची तर पाठीमागे बसलेल्या त्याच्या मित्रालाही सोबत घ्यावे लागते. दोघांनी एकच रस्ता पाहिला, एकच धूळ खाल्ली आणि तरीही दोघांनी त्यातून वेगवेगळा अर्थ काढला.

दम्याशी झुंज

अर्नेस्टोचा जन्म १९२८ सालचा, रोझारियो शहरातला. घराणे खानदानी, परंतु ऐश्वर्य ओसरत चाललेले. वडील अर्नेस्टो गव्हेरा लिंच धडपडे पण व्यवहारात कच्चे. आई सेलिया दे ला सेर्ना स्वतंत्र बाण्याची आणि वाचनवेडी. मूल दोन वर्षांचे होण्याआधीच, १९३०च्या मे महिन्यात, नदीत पोहून आल्यानंतर त्याला दम्याचा पहिला झटका आला. हा विकार त्याला शेवटपर्यंत सोडून गेला नाही. कोरड्या हवेसाठी कुटुंबाने कोर्दोबा प्रांतातील आल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी बिऱ्हाड हलविले. शाळेत नियमित जाणे अशक्य झाले तेव्हा आईनेच त्याला घरी शिकविले. अंथरुणात पडून राहण्याच्या सक्तीने त्याला पुस्तकांची गोडी लावली आणि त्याच सक्तीच्या रागातून तो मैदानाकडे धावू लागला.

कोर्दोबा शहरात त्याला रग्बी खेळायचे होते. दमेकरी मुलाला संघात घ्यायला कोण धजावणार? ग्रॅनाडोने घेतले. तो त्या संघाचा प्रशिक्षक होता. १९४३ साली विद्यार्थी आंदोलनात ग्रॅनाडोला अटक झाली, तेव्हा त्याच्या भावाबरोबर त्याला भेटायला कोठडीपर्यंत जाणाऱ्यांत हा शाळकरी अर्नेस्टोही होता. मैदानावर धाप लागली की बाजूला येऊन श्वासयंत्र ओढायचे आणि पुन्हा खेळात उतरायचे, ही त्याची रीत. वयात सहा वर्षांचे अंतर असूनही दोघांची मैत्री जुळली ती पुस्तकांमुळे आणि प्रवासाच्या ओढीमुळे.

१९४७ साली आजी अखेरच्या आजारात असताना अर्नेस्टो तिच्या उशाशी बसून राहिला आणि तिच्या मृत्यूनंतर त्याने वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग धरला. १९५० साली सायकलीला छोटे इंजिन बसवून त्याने उत्तर अर्जेंटिनात सुमारे साडेचार हजार किलोमीटरची एकट्याची फेरी केली. त्या फेरीत तो ग्रॅनाडो काम करीत असलेल्या कुष्ठरुग्णालयातही जाऊन राहिला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रॅनाडोच्या कोर्दोबातील घरी द्राक्षवेलीच्या मांडवाखाली मोटारसायकलीशी खटपट करीत असताना, दोघांच्या बोलण्यातून अख्खा खंड पालथा घालण्याचा बेत शिजला. ग्रॅनाडोने आपली नोकरी सोडलेलीच होती. अर्नेस्टोची परीक्षा बाकी होती. पदवी घेण्यासाठी परत येण्याचे वचन त्याने आईला दिले.

तारेने बांधलेली बलशालिनी

पहिला मोठा मुक्काम मिरामार या समुद्रकाठच्या गावी पडला. तेथे अर्नेस्टोची प्रेयसी चिचीना सुट्टीसाठी आली होती. कोर्दोबातील धनाढ्य घराण्यातील ही तरुणी. तिच्यासाठीच ते पिल्लू आणले होते आणि परत येण्याची ग्वाही म्हणून त्याचे नाव ‘कमबॅक’ ठेवले होते. दोन दिवसांचा मुक्काम आठ दिवसांवर गेला. ग्रॅनाडोला भीती वाटू लागली की सफर इथेच संपणार. अखेर अर्नेस्टो निघाला. अमेरिकेतून पोहण्याचा पोशाख आणण्यासाठी चिचीनाने १५ डॉलर दिले होते. पुढे बारिलोचे येथे तिचे पत्र हाती पडले आणि संबंध संपल्याचे त्याला कळले.

लांब पल्ल्याच्या दुचाकी प्रवासात यंत्र जेवढे लागते तेवढाच सोबती लागतो, याचा धडा पाताळसदृश मोकळ्या पाताग्योनियात मिळाला. खडी आणि वाळूच्या रस्त्यांवर, मागे कललेल्या ओझ्यामुळे, ‘पोदेरोसा’ वारंवार आडवी होई. एका दिवसात नऊ वेळा पडण्याचा विक्रमही त्यांनी नोंदविला. तुटलेला प्रत्येक भाग ग्रॅनाडो तारेने बांधी. स्क्रूपेक्षा तारेवर त्याचा अधिक भरवसा होता. वाटेत अर्नेस्टोला ताप भरला, तेव्हा चोएले चोएलच्या इस्पितळात त्याला दाखल करून ग्रॅनाडो थांबून राहिला. दम्याचा झटका येई तेव्हा इंजेक्शनची तयारी करणारा हात बहुधा ग्रॅनाडोचाच असे. भांडणेही होत. परंतु एकच वाहन, एकच तंबू आणि रिकामा खिसा असताना रुसून बसण्याची चैन कोणालाच परवडत नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्यावर सरोवरांच्या वाटेने ते चिलीत उतरले. बोटीचे भाडे नव्हते म्हणून बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसून ते फेडले. तेमुको येथील वृत्तपत्राने दोघा अर्जेंटिनी कुष्ठरोगतज्ज्ञांच्या मोटारसायकल सफरीची बातमी छापली. ‘तज्ज्ञ’ ही पदवी निम्मी ग्रॅनाडोची खरी होती आणि निम्मी अर्नेस्टोची उसनी. पण त्या कात्रणाने पुढे अनेक ठिकाणी जेवण आणि झोपायला जागा मिळवून दिली. लाउतारोजवळ मोटारसायकल त्यांना घेऊन आदळली. सुकाणूचा दांडा तुटला, गिअरपेटीही फुटली. गावातल्या कारागिरांनी ती जोडून दिली. मात्र त्याच गावातील नृत्याच्या रात्री मद्याच्या भरात अर्नेस्टोने एका कारागिराच्या पत्नीशी सलगी करण्याचा प्रयत्न केला आणि दोघांना संतापलेल्या जमावापुढे पळ काढावा लागला. नायकाच्या चरित्रात न शोभणारा हा प्रसंग त्याने स्वतःच्या टिपणांत लपविलेला नाही.

पुढे एका उतारावर ब्रेक निकामी झाला आणि समोर गुरांचा कळप आला. त्यातून ते वाचले, पण ‘पोदेरोसा’ला चढण झेपेनाशी झाली. अखेर ती ट्रकवर लादून सॅन्तियागोला नेली आणि मार्चच्या आरंभी ताडपत्रीत गुंडाळून तेथेच ठेवून दिली. जवळपास आठ महिन्यांच्या ज्या प्रवासाला जग ‘मोटारसायकलची सफर’ म्हणून ओळखते, त्यात मोटारसायकल दोन महिनेही टिकली नाही.

पायी उतरल्यावर

इथपर्यंतचा प्रवास हा दोन हौशी तरुणांचा होता. वाहनावर असेपर्यंत लोक त्यांच्याकडे कुतूहलाने पाहत, गर्दी करीत, हे दोघे थाटात हात हलवून पुढे जात. वाहन गेले आणि ते रस्त्यावरच्या इतर गरिबांपैकी झाले. कोणाच्या तरी ट्रकची वाट पाहणे, दारोदार अन्न मागणे, मजुरांच्या शेजारी झोपणे यावाचून गत्यंतर उरले नाही. जे त्यांना वेगात दिसले नसते ते आता दिसू लागले.

वाल्पारायसो बंदरात अर्नेस्टोला एका वृद्धेला तपासण्यासाठी बोलावले. तिला दमा होता आणि हृदयही दुबळे झाले होते. महिनाभरापूर्वीपर्यंत ती चाकरी करून पोट भरत होती. आता घरच्यांना ती ओझे वाटू लागली होती. दम्याने गुदमरणे म्हणजे काय, हे त्याला स्वतःच्या छातीत ठाऊक होते. आपल्याजवळच्या काही गोळ्या आणि पथ्याचा सल्ला, याहून अधिक तो देऊ शकला नाही. तिचा आजार वैद्यकाच्या पुस्तकात होता. तिच्या हालअपेष्टांचे कारण त्या पुस्तकात नव्हते.

तिथून बोटीच्या शौचकुपात लपून, पकडले गेल्यावर तीच साफ करून, दोघे उत्तर चिलीत पोहोचले. आतापर्यंतच्या वाटचालीतील सर्वांत थंड रात्र त्यांनी बाकेदानो येथे एका खाणकामगार दाम्पत्याबरोबर काढली. तो कामगार कम्युनिस्ट होता, तीन महिने तुरुंगात राहून आला होता आणि डोंगरातल्या गंधकाच्या खाणीत काम शोधायला निघाला होता. दोघांजवळ पांघरायला काही नव्हते. या मित्रांनी आपल्या दोन कांबळ्यांपैकी एक त्यांना दिले आणि उरलेल्यात स्वतः कुडकुडत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील चुकिकामाता ही तांब्याची अवाढव्य खाण पाहिली. यंत्रांची भव्यता आणि माणसांच्या जिवाचे मोल यांतील तफावत त्याच्या टिपणांत ठळकपणे उमटली आहे.

पेरूमध्ये कुस्को आणि माचू पिच्चूचे भग्न वैभव पाहून ते लिमाला पोहोचले. तेथे कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. ह्यूगो पेस्से यांनी त्यांना आश्रय दिला. हे शास्त्रज्ञ मार्क्सवादी होते आणि साधे राहत. त्यांच्याच साहाय्याने दोघे ॲमेझॉनच्या काठावरील सान पाब्लो कुष्ठधामात गेले. तेथे हातमोजे न घालता रुग्णांशी हस्तांदोलन करणे, त्यांच्याबरोबर जेवणे, फुटबॉल खेळणे हे दोघांनी सहजपणे केले. जून १९५२ मध्ये अर्नेस्टोचा चोविसावा वाढदिवस तेथेच साजरा झाला. आभाराच्या भाषणात त्याने मेक्सिकोपासून मॅगेलानच्या सामुद्रधुनीपर्यंतचा खंड हा एकाच मिश्र वंशाच्या लोकांचा आहे, असा विचार मांडला. निरोप म्हणून त्यांना ‘मांबो टँगो’ नावाचा तराफा मिळाला. त्यावरून ते कोलंबियाच्या दिशेने वाहत गेले आणि लेतिसिया येथे फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होऊन विमानाच्या तिकिटाची सोय केली.

२६ जुलै १९५२ रोजी काराकास येथे दोघे वेगळे झाले. ग्रॅनाडोला व्हेनेझुएलातील कुष्ठरुग्णालयात काम मिळाले होते. अर्नेस्टो घोडे वाहून नेणाऱ्या विमानातून मायामीला आणि तिथून ऑगस्टअखेर घरी परतला. ठरले होते ते असे की, त्याने पदवी घ्यावी, पुन्हा काराकासला यावे आणि मित्राबरोबर त्याच रुग्णालयात काम करावे.

औषधे की काडतुसे?

वचन दिल्याप्रमाणे १९५३ साली तो डॉक्टर झाला आणि जुलैत दुसऱ्या प्रवासाला निघाला. या वेळी मोटारसायकल नव्हती, आगगाडी होती आणि गंतव्य व्हेनेझुएलाच होते. परंतु इक्वेडोरमधील ग्वायाकिल बंदरात भेटलेल्या काही अर्जेंटिनी तरुणांनी ग्वातेमालातील क्रांतिकारी सरकारबद्दल सांगितले आणि त्याने दिशा बदलली. ग्रॅनाडो वाट पाहत राहिला. एका दुचाकीवरून निघालेल्या दोन आयुष्यांची फारकत खऱ्या अर्थाने येथे झाली.

ग्वातेमालात जमिनीचे फेरवाटप करणारे अध्यक्ष अर्बेन्झ यांचे सरकार जून १९५४ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या पाठबळाने उलथविले गेले. ते त्याने डोळ्यांनी पाहिले. निवडणुकीने आलेले सुधारणावादी सरकार टिकत नाही, हा निष्कर्ष त्याने काढला. मेक्सिकोत १९५५च्या जुलैत त्याची फिडेल कॅस्ट्रोशी भेट झाली आणि २५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘ग्रान्मा’ नौकेवरून क्युबाकडे निघालेल्या ८२ जणांत तो डॉक्टर म्हणून सामील झाला.

क्युबाच्या किनाऱ्यावर उतरून तीनच दिवस झाले होते. ५ डिसेंबरला आलेग्रिया दे पियो येथे लष्कराने अचानक गोळीबार सुरू केला. पळापळीत अर्नेस्टोपुढे दोन पेट्या होत्या, एक औषधांची आणि एक काडतुसांची. दोन्ही उचलणे शक्य नव्हते. त्याने काडतुसांची उचलली. ‘पोदेरोसा’वर सगळेच सामान लादून नेण्याचा हट्ट करणाऱ्या तरुणाला या वेळी एकच ओझे निवडायचे होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सिएरा माएस्त्राच्या डोंगरांत तो सेनानी झाला, डिसेंबर १९५८ मध्ये सान्ता क्लारा जिंकून देणारा ‘कमांडर चे’ झाला. परंतु त्या निवडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फितुरी करणाऱ्या एका शेतकरी वाटाड्याला १९५७ साली त्याने स्वतःच्या हाताने गोळी घातली. १९५९ साली ला काबान्या किल्ल्याचा प्रमुख असताना जुन्या राजवटीतील अनेकांच्या मृत्युदंडावर त्याने शिक्कामोर्तब केले. ज्या हातांनी सान पाब्लोत रुग्णांचे हात धरले तेच हे हात. एकाच माणसाच्या आयुष्यातील या दोन गोष्टींपैकी सोयीची तेवढी घेऊन दुसरी वगळणे हा त्याच्यावरही अन्याय ठरेल आणि ज्यांचे प्राण गेले त्यांच्यावरही.

त्याच वर्षी, १९५९च्या जूनअखेरीस, क्युबाच्या शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून तो भारतात आला. दिल्लीत पंडित नेहरूंना भेटला, कोलकात्यालाही गेला आणि परतल्यावर या देशावर लेखही लिहिला. मराठी वाचकांच्या एका पिढीला मात्र त्याची ओळख झाली ती अरुण साधू यांच्या ‘फिडेल, चे आणि क्रांती’ या पुस्तकातून.

दुसरे उत्तर

ग्रॅनाडोला मित्र पुन्हा भेटला तो १९६० साली, हवानात. तोवर चे राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाला होता. पुढील वर्षी ग्रॅनाडोने पत्नी व मुलांसह क्युबातच बिऱ्हाड केले. क्रांतीवर त्याचीही निष्ठा होती. पण त्याने आपली जागा प्रयोगशाळेत आणि वर्गात शोधली. क्रांतीनंतर क्युबातील डॉक्टर मोठ्या संख्येने देश सोडून जात होते. अशा काळात सॅन्तियागो दे क्युबा येथे १९६२ साली नवे वैद्यकीय विद्यालय उभे राहिले. ते उभारणाऱ्यांत ग्रॅनाडो होता. वाल्पारायसोच्या त्या वृद्धेच्या दारातून दोघेही परतले होते. एकाला वाटले, ही व्यवस्था मोडल्याशिवाय इलाज नाही. दुसऱ्याला वाटले, व्यवस्था कोणतीही असो, अशा दारी जाणारे डॉक्टर तयार करावे लागतील.

चे उद्योगमंत्रिपदावरही स्थिरावला नाही. १९६५ साली तो काँगोत लढायला गेला आणि अपयश घेऊन परतला. नोव्हेंबर १९६६ मध्ये वेषांतर करून तो बोलिव्हियात शिरला. ज्या शेतकऱ्यांसाठी लढायचे ते शेतकरी त्याच्याकडे आले नाहीत. जंगलात दम्याने उचल खाल्ली. जुलै १९६७ मध्ये सामाइपाता हे गाव ताब्यात घेऊन औषधे मिळविण्याचा प्रयत्न झाला, पण त्याला हवे असलेले औषध त्यांत नव्हते. ऑगस्टमध्ये लष्कराला त्यांची लपविलेली कोठारे सापडली आणि दम्याचा उरलासुरला औषधसाठाही गेला. चालवत नव्हते तेव्हा तो जनावराच्या पाठीवर बसून पुढे सरकत राहिला. ११ वर्षांपूर्वी जी पेटी त्याने जमिनीवर सोडली होती, तिची गरज आता त्यालाच सर्वांत जास्त होती.

८ ऑक्टोबर १९६७ रोजी तो जखमी होऊन पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावातील शाळेत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३९. अवशेष सापडायला १९९७ साल उजाडले; ते सान्ता क्लारा येथे पुरले आहेत.

नव्वदीच्या दशकात त्याची प्रवासटिपणे पुस्तकरूपाने जगभर पोहोचली आणि २००४ साली वॉल्टर सॅलेस यांनी त्यावर ‘द मोटरसायकल डायरीज’ हा चित्रपट केला. चित्रीकरणाच्या वेळी वयाची ऐंशी ओलांडलेले अल्बर्टो ग्रॅनाडो पुन्हा त्या वाटेवर गेले. या वेळी रस्त्याची आठवण सांगायला ते एकटेच उरले होते. ५ मार्च २०११ रोजी हवानात वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपली रक्षा अर्जेंटिना, क्युबा आणि व्हेनेझुएला या तिन्ही देशांत विखुरली जावी, अशी त्यांची इच्छा होती.

आज लांबच्या सफरीवर निघणाऱ्या कित्येक दुचाकीस्वारांच्या अंगावर चेचे चित्र असते. त्या चित्रातला माणूस एकटा आहे, ताठ आहे, दूरवर पाहतो आहे. १९५२च्या उन्हाळ्यातील अर्नेस्टो तसा नव्हता. तो धुळीने माखलेला होता, दम्याने धापा टाकीत होता आणि रस्त्यात आडवी झालेली मोटारसायकल उचलायला त्याच्यासोबत आणखी एक माणूस होता. त्या माणसाच्या खिशात तारेचे वेटोळे होते. काराकासच्या रुग्णालयात, मित्र येणार म्हणून, त्याच माणसाने पुढे कित्येक महिने वाट पाहिली होती.